बसकी सुपारी

"ताई, ही नवरी एवढी का रुसलीये?"

टेबलावरची बोटभर उंचीची नवरी हलकेच उचलून त्या मुलीनं मला विचारलं.

"रुसली नाही ती. सुपारी जशी येते तसा चेहरा येतो," मी म्हटलं. "मी फक्त डोळे काढते नि साडी नेसवते."

"मग हसरी सुपारी मिळत नाही?"

"मिळते. पण तिला साजेसा नवरा शोधायला फार वेळ लागतो."

तिच्यासोबतचा मुलगा खळाळून हसला. शेजारच्या टेबलावरून शैलाताईंनी मान वर केली. त्यांच्या मुंडावळ्यांचं टेबल आणि माझं रुखवताचं टेबल दर वर्षी शेजारी शेजारी असायचं. तुळशीचं लग्न जवळ आलं की कोल्हापुरात स्टेशन रोडवरच्या एका हॉलमध्ये लग्नघरांसाठी प्रदर्शन भरायचं. भरतकामानं नावं काढलेले अंतरपाट, अक्षतांच्या जरीच्या पोटल्या, हळदीच्या दिवशी हातात धरून फोटो काढायच्या पाट्या, असलं सगळं तिथं मांडलेलं. लग्न ठरलेल्या जोड्या हातात हात घालून फिरायच्या, नि एखाद्या टेबलाशी त्यांचं पहिलं भांडणही व्हायचं.

"अगं, लग्न ठरलेल्या पोरी अशाच," शैलाताई म्हणाल्या. "बाहुलीतसुद्धा स्वतःचं तोंड शोधतात. ये इकडं, मुंडावळ्या बघ. कापडी फुलांच्या हायत, पण खऱ्यावाणी. सुकायच्या नाहीत. नवरा सुकंल, पण ह्या सुकायच्या नाहीत."

"बघितलंस?" मुलगी त्या मुलाला म्हणाली. "आत्तापासून ऐकून ठेव."

मी तिच्याकडं सरळ बघत नव्हते. बघितलं असतं तर शैलाताईंना तिथल्या तिथं कळलं असतं की ही पोर माझी आहे. हनुवटी तीच, आणि हसताना एक भुवई वर जाते तीही माझीच. शैलाताईंच्या मुंडावळ्या सांगली-मिरजेच्या लग्नांत जायच्या. मुंडावळ्यांबरोबर बातम्याही जायच्या.

"ताई, सगळं रुखवत तुम्हीच कराल? आणि सांगलीला येऊन मांडून द्याल?" सारिकानं विचारलं. ताई म्हणताना तिचा आवाज जरासा अडखळला.

"देईन की. किती पायऱ्यांचं हवं?"

"तुम्हाला वाटेल तेवढ्या. आणि मध्यभागी हे सुपारीचं लग्न. मांडव, गुरुजी, सनईवाले, सगळे. आणि..." तिनं हातातली नवरी टेबलावर ठेवली. "मुलीचे आईबाबा. दोघं."

"दोघं," मी म्हटलं.

"अरे, सुपारी पडली वाटतं," तो मुलगा म्हणाला, आणि टेबलाखाली वाकला. माझ्या दोन्ही पावलांना हात लागले. गार, घाबरलेले हात. वर आला तेव्हा त्याच्या मुठीत काही नव्हतं.

"नाही सापडली," तो म्हणाला. त्याचं नाव तुषार. माझ्या जावयाचा नि माझा हा पहिला नमस्कार.

"जाऊ दे रे," शैलाताई म्हणाल्या. "एका सुपारीसाठी काय लग्न अडत नाही."

*

सारिका पहिलीत होती तेव्हा मी माहेरी आले, चार दिवसांसाठी. कोल्हापुरात माझे वडील शिंपीकाम करत, ते अंथरुणाला खिळले होते, आणि आई आधीच गेली होती. निघताना सासूबाई म्हणाल्या, "पोरीची शाळा बुडवू नकोस, तिला ठेव. आणि जातेस तर जा, पण न्यायला कोणी येणार नाही." घरोघरी सासवा असं बोलतात. मी मनावर घेतलं नाही.

चार दिवसांचे दोन महिने झाले. वडील गेले. दिवसांना सासरचं कोणी आलं नाही. मग मीच सांगलीला गेले. दार सासूबाईंनी उघडलं, अर्धं. आत सारिका पाढे म्हणत होती, बे चोक आठपाशी अडकली होती. "घर टाकून गेलीस. पोर आमची," सासूबाई म्हणाल्या. सारिकाचे बाबा घरात नव्हते. मी उंबऱ्याबाहेरून एवढंच म्हटलं, "त्यांना सांगा, मला न्यायला या म्हणावं."

आणि वाट बघत बसले. पोचवायला मला भाऊ नव्हता, न्यायला नवरा आला नाही. आज उद्या करता करता वीसेक वर्षं गेली. ना काडीमोड, ना भांडण, ना चिठ्ठी. कोणी विचारलं तर सांगायला गोष्टसुद्धा नव्हती माझ्याकडं. आई दळताना ओव्या म्हणायची, त्या घडणीवर माझ्याही तोंडून कधीमधी एखादी निघायची.

माहेरी आले बाई, चार दिसांच्या बोलीवर
न्यायला येईना कुणी, धूळ बसली वाटेवर

वडिलांच्या दुकानातल्या चिंध्यांचं गाठोडं माझ्या वाट्याला आलं होतं. त्यातूनच सुपारीच्या बाहुल्या सुरू झाल्या. संध्याकाळी एकटी बसले की परातीत सुपाऱ्या ओतायच्या, एकेक उताणी-पालथी करून ठेवायची. काही लोळत परातीच्या काठापर्यंत जातात. त्यांच्या बाहुल्या करायच्या, त्यांना डिंकानं बसवता येतं. काहींचं बूड सपाट असतं. ठेवल्या जागी त्या बसतात, परातीला टिचकी मारली तरी हलत नाहीत. आई त्यांना बसक्या सुपाऱ्या म्हणायची. त्या पूजेला. घरात दुसरा आवाज नसायचा. नुसत्या सुपाऱ्यांच्या घरंगळण्याचा.

सासूबाई गेल्यावर सारिकाला तिच्या आत्यानं वाढवलं. कुसुमवन्सं आपला संसार तिथंच जवळ थाटून होत्या, रोज येऊन पोरीची वेणी घालून जायच्या. सारिका कॉलेजात गेली तेव्हा एक दिवस माझ्या दाराशी येऊन उभी राहिली. पाठीला सॅक, चेहऱ्यावर वन्संनी शिकवलेला तो नीटनेटका शहाणपणा. "मी सारिका," म्हणाली. जणू मला सांगावं लागणार होतं.

तेव्हापासून ती येत होती. येताना घरी सांगून येत होती की नाही, मी कधी विचारलं नाही.

*

त्या संध्याकाळी तुषारला पुढं पाठवून ती हॉलच्या मागच्या दारानं परत आली. मी खोकी बांधत होते.

"आत्याला सांगितलं मी, रुखवत कोल्हापुरातनं मागवलंय. मांडायला त्यांची बाई येईल."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, फार चकचकीत नको. लायटिंगवालं तर मुळीच नको."

"आणि बाबा?"

"बाबांना कधी काय सांगावं लागतं का? ते ऐकतात आणि पेपर उलटतात." ती खोक्यावर बसली. "आई, आत्या म्हणालीये, 'तुझी आई मांडवात आली तर मी उठून जाईन.' तिनं मला वाढवलं गं. तिला उठून जाताना मी बघू शकत नाही. आणि तुझ्याशिवाय बोहल्यावर उभी राहू शकत नाही. मग मी काय करू?"

"केलंस की. ऑर्डर दिलीस."

"तुला राग नाही ना येणार? स्वतःच्या मुलीच्या लग्नात ऑर्डर घेऊन यायचं..."

"रुखवत आईनंच करायचं असतं," मी म्हटलं. "बाकीच्या आया न सांगता करतात, मी सांगितल्यावर करते. एवढाच फरक."

मला वाटलं हसेल. हसली नाही. सुतळीचं दुसरं टोक धरून बसून राहिली. मी गाठ मारली.

त्या हिवाळ्यात मी दुसरं काम घेतलंच नाही. अनारसे, करंज्या, रंगीत चुरमुऱ्यांचे लाडू, लोकरीचं तोरण, लाल चोचीचे साखरेचे रावे. जुनं सगळं जसं आईनं माझ्या लग्नात मांडलं होतं, तसं. आणि मध्ये सुपारीचं लग्न. नवरीसाठी सुपारी शोधताना चार दुकानं हिंडले आणि एक हसरी मिळाली. तिला नवराही मिळाला. मुलीच्या बाबांना मी पीतांबर नेसवला. आईला नेसवायला चिंधी हाती येईना. शेवटी माझ्याच लग्नातल्या शालूचा आतला काठ उसवला, जिथं उसवलेलं कुणाला दिसत नाही तिथला.

रुखवत मांडिते बाई, ताटाला ताट लावी
लेकीच्या मांडवात, आईचं बोट राही

*

कार्यालय विश्रामबागेत होतं. सकाळी सनई सुरू व्हायच्या आत मी माझी ट्रंक घेऊन पोचले. मांडववाला खांबांना झेंडूच्या माळा गुंडाळत होता. त्यानं मला जागा दाखवली, बोहल्याच्या डाव्या हाताला, भिंतीशी.

"इथनं लग्न झकास दिसतंय मावशी," तो म्हणाला. "बसायला खुर्ची देऊ?"

"नको. उभीच बरी."

मी पायऱ्या लावल्या, पांढरी चादर अंथरली, ताटं मांडली. सुपारीचं लग्न सर्वांत वर. मांडत असताना पाठीमागं बांगड्या वाजल्या. तो वाजण्याचा डौल मी वीस वर्षांनीही ओळखला.

वन्सं. केस पिकले होते, पण पाठ तशीच ताठ. त्यांनी माझ्याकडं बघितलं. ओळखलं. ओळखलं हे मलाही कळलं. पण तोंडातून शब्द आला तो वेगळाच.

"रुखवतवाल्या बाई तुम्हीच का?"

"हो."

त्या एकेक ताट बघत पुढं सरकल्या. अनारशाशी थांबल्या, राव्याची चोच निरखली. सुपारीच्या लग्नापाशी वाकल्या.

"ही कोण?"

"मुलीची आई."

"तिला कशाला ठेवलीत?"

"मुलीनंच सांगितलं होतं."

मला वाटलं, उचलून बाजूला ठेवतील. त्यांनी खरंच ती बाहुली उचलली, डोळ्यांजवळ नेली. शालूचा काठ बोटाखाली फिरवला. माझ्या लग्नात तो शालू पसंत करायला त्याच आल्या होत्या. मग नखानं बाहुलीचा पदर सरळ केला आणि होती तिथं परत ठेवली.

"मागं चहा ठेवलाय," त्या जाता जाता म्हणाल्या. "कामाच्या माणसांनीही घ्यावा."

मी चहा घेतला. मांडववाला, फोटोवाला, केळीची पानं पुसणाऱ्या बायका, आम्ही सगळे मागच्या पायरीवर बसून चहा प्यायलो. "कुठल्या तुम्ही?" एकीनं विचारलं. "कोल्हापूरची," मी म्हटलं. "मग नवरीच्या कोण?" "रुखवतवाली." तिनं मान डोलावली नि पुढचं पान घेतलं.

सारिका बोहल्यावर आली. पिवळी साडी, कपाळावर कापडी फुलांच्या मुंडावळ्या. शैलाताईंकडच्याच. तिनं एकदाच माझ्याकडं बघितलं, आणि मग उगाच सगळीकडं बघितलं, म्हणजे ते एक बघणं कुणाच्या लक्षात यायला नको. अक्षता पडल्या. मांडववाल्यानं माझ्याही हातात चार दाणे दिले होते. ते मी टाकले. तिथपर्यंत पोचले नसतील.

मग गुरुजी म्हणाले, "चला, कन्यादान. मुलीचे आईवडील पुढं या."

सारिकाचे बाबा पाटापाशी आले. मी त्यांना सकाळपासून पाठमोरंच बघितलं होतं. आता समोरून बघितलं. कमरेला पीतांबर, खांद्यावर उपरणं. खांदे माझ्या बाहुलीपेक्षा बरेच खाली आले होते.

"आणि वहिनी?" गुरुजींनी विचारलं. तरुण होते, मुंबईकडं शिकून नुकतेच सांगलीत आलेले. घरची गोष्ट त्यांना कुणी सांगितली नव्हती.

वन्सं पुढं झाल्या. "गुरुजी, आम्ही दोघं बसतो. मी आत्या. पोरीला मीच वाढवलंय."

हे बरोबरच होतं. वन्संच्या मालकांनी उपरणं सावरलंही.

"मी बसणार आहे," सारिकाचे बाबा म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडं बघितलं. या माणसाला मोठ्यानं बोलताना फार थोड्यांनी ऐकलं असेल. आवाज तसा मोठा नव्हताच. पण त्यांनी दुसऱ्यांदा म्हटलं, "कुसुम, मी बसणार आहे."

"अरे, पण एकट्यानं कसं..."

"एकट्यानंही बसता येतं," गुरुजी म्हणाले. "पत्नी नसेल तर कनवटीला सुपारी खोचायची. ती पत्नीच्या जागी. वहिनी हयात नाहीत का?"

सनईवाल्यानं नेमकी तेव्हाच सनई खाली ठेवली होती. कार्यालयात पंख्यांचा आवाज तेवढा येत होता. माझे हात चादरीची सुरकुती काढत होते, सुरकुती नव्हती तिथं.

"आहे," सारिकाचे बाबा म्हणाले.

"मग बोलवा की."

ते खाली पाटाकडं बघत उभे राहिले. सारिकाची मान वर झाली, मुंडावळ्या हलल्या. मी मनात म्हटलं, आता हाक मारतील. नाव नको, नुसतं 'अगं' म्हटलं तरी मी जाईन. हातात ताट असलं तर ताटासकट जाईन.

"असून जवळ नसेल तरी चालतं," गुरुजी समजुतीनं म्हणाले. "बायको परगावी असली तरी सुपारी चालते. काही अडचण नाही." त्यांनी पिशवीत हात घातला, पूजेच्या सामानातली पुडी सोडली. "अरेच्चा! ही कसली सुपारी आणलीत? सगळी खांडं आहेत. फुटकी चालत नाही. अखंड लागते."

वन्सं कपाळावर हात मारून इकडंतिकडं बघू लागल्या. कुणी म्हणालं स्वयंपाकघरात बघा, कुणी म्हणालं कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवा. पंगती खोळंबल्यात म्हणून एक आजोबा घड्याळ वर करून दाखवू लागले. आणि गुरुजींची नजर फिरत फिरत सुपारीच्या लग्नावर आली.

"रुखवताच्या ताई!" ते तिथूनच म्हणाले. "तुमच्याकडं अखंड सुपारी असेल ना हो? एक द्या."

होती. ट्रंकेत पिशवीभर होती. मी पिशवी सोडली आणि हाताला लागेल ती उचलायला गेले, पण बोटं ऐकेनात. एक घेतली, टेबलावर ठेवली, लोळली. दुसरी लोळली. लोक वाट बघत होते. गुरुजी म्हणाले, "अहो, कुठलीही चालेल." पण मला कुठलीही द्यायची नव्हती. तिसरी ठेवली. बसली. टेबलाला टिचकी मारली. हलली नाही.

ती घेऊन मी बोहल्यापर्यंत गेले. रुखवतवाल्या बाईला तेवढं जायला कुणाची हरकत नसते. तळहात पुढं केला. गुरुजी घेतील असं वाटलं होतं, पण हात पुढं आला तो सारिकाच्या बाबांचा. सुपारी उचलताना त्यांच्या बोटांची टोकं माझ्या तळहाताला लागली. त्यांनी वर बघितलं. डोळ्यांत आश्चर्य नव्हतं. म्हणजे सकाळपासून त्यांना माहीत होतं. कदाचित सारिकानं रुखवताचं सांगितलं, आणि त्यांनी पेपर उलटला, तेव्हापासूनच.

त्यांनी सुपारी कनवटीला खोचली. घट्ट बसली का हे वरून हात फिरवून बघितलं. मग पाटावर बसले, आणि बसताना उजवीकडं जरा जागा सोडून बसले, जशी बायको शेजारी असताना सोडतात.

मी माझ्या भिंतीपाशी परत गेले. तिथून सगळं झकास दिसत होतं. लेकीच्या हातावर पाणी पडलं. धार धरायला तिच्या आईचा हात नव्हता. आई कनवटीला होती.

*

पाठवणीच्या वेळी सारिकानं एक गंमत केली. घरच्या थोरांना नमस्कार करून झाल्यावर ती थेट स्वयंपाकघरात गेली आणि आचाऱ्याच्या पाया पडली. तो बिचारा झारा घेऊन मागंच सरकला. मग सनईवाला, मग मांडववाला, मग फोटोवाला. "आता बँडवाल्याच्या घोड्यालाही कर गं," तुषारचा कोणी मित्र म्हणाला आणि हशा पिकला. "चांगलं वळण आहे हो पोरीला," कुणी म्हातारी म्हणाली. आणि त्याच ओळीत, त्याच हशात, ती माझ्यापुढं येऊन वाकली.

इतरांच्या पायांशी ती नुसते हात टेकवून उठली होती. माझ्या पायांवर तिचं कपाळ राहिलं. मुंडावळीचं एक फूल माझ्या अंगठ्यात अडकलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. सुखी राहा म्हणायचं होतं.

"ऊठ गं," मागून वन्संचा आवाज आला. कडक नव्हता. त्या पदराचं टोक डोळ्यांना लावत होत्या. "ऊठ. गाडी थांबलीये."

गाडी गेली. रुखवत तिच्याबरोबर गेलं, सुपारीच्या लग्नासकट. मी चादरीच्या घड्या केल्या, पायऱ्या मोडून ट्रंकेत भरल्या. मांडववाला माळा ओरबाडून काढत होता. फाटकाबाहेर रिक्षा बोलावून मी ट्रंक उचलायला वळले, तर ती उचललेली होती.

सारिकाचे बाबा. पीतांबरावरच शर्ट चढवलेला, एका हातात ट्रंक.

"जड असेल," ते म्हणाले.

"रिकामी आहे."

"तरी."

आम्ही फाटकापर्यंत चाललो. ते पुढं, मी दोन पावलं मागं. लग्नानंतर देवदर्शनाला जाताना चालायचो तसं. रिक्षावाल्यानं ट्रंक आत घ्यायला मदत केली. मी बसले. ते बाजूला झाले नाहीत.

"निरोप मिळाला होता तुझा," ते म्हणाले. रिक्षाच्या छपराला एक हात धरून, रस्त्याकडं बघत. "आईनं सांगितलं होतं. त्याच आठवड्यात आलो होतो मी."

"कुठं?"

"कोल्हापूरला. स्टँडपर्यंत. बाकावर बसलो. काय बोलायचं ते जुळवत होतो. जुळलं नाही. संध्याकाळच्या गाडीनं परत गेलो."

स्टँडपासून माझं माहेर किती लांब? चालत गेलं तर सदऱ्यावर घाम येण्याआधी माणूस पोचतो. त्या दिवशी मी काय करत असेन? उंबऱ्यातच बसले असेन. तेव्हा तर रोज बसायचे.

बोलण्यासारखं पुष्कळ होतं. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं आणि इंजिन बंद केलं, भला माणूस. पण मलाही जुळेना. तेव्हा त्यांनी कनवटीला हात घातला आणि सुपारी काढून तळहातावर धरली. हळदीनं पिवळी झाली होती.

"ही तुला परत द्यायची असते का?"

"नाही," मी म्हटलं. "घरी न्यायची असते. देवात ठेवायची."

त्यांनी मूठ मिटली.

"नेतो," म्हणाले.

या एका शब्दासाठी मी किती वर्षं उंबऱ्यात बसले होते. तो आला, आणि मी रिक्षात बसलेली होते. रिक्षावाल्यानं इंजिन सुरू केलं. त्यांनी हात वर केला नाही. मूठ तशीच धरून फाटकात उभे राहिले, आणि वळणापर्यंत मी मागच्या फटीतून त्यांच्याकडं बघत राहिले.

*

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. शैलाताई प्रदर्शनाला येत नाहीत, त्यांची सून येते. हल्ली रुखवतात दिवे लावतात, वरमाला काचेत गोठवून ठेवतात, अंतरपाटावर नवरानवरीचा फोटो छापतात. मी अजून सुपाऱ्याच करते. संध्याकाळी परात घेऊन बसते. लोळणाऱ्या वेगळ्या, बसणाऱ्या वेगळ्या.

सारिका सणासुदीला माहेरी जाते, सांगलीला. जाऊन आली की मला फोन करते. बाबांचा गुडघा, आत्याचं पथ्य, दारातला पारिजात, सगळं सांगते. ती सुपारी देव्हाऱ्यात आहे, बाळकृष्णाच्या डाव्या हाताला. बाबा रोज पूजा झाली की तिला हळदकुंकू वाहतात, आणि संध्याकाळी दिवा लावताना तिच्यावर सावली पडू नये म्हणून समई थोडी सरकवतात. मला त्यांनी त्यानंतर बोलावलं नाही. मीही गेले नाही. आता दोघांनाही काय बोलायचं ते जुळायचं नाही.

परवा सारिका म्हणाली, "आई, एक नवल सांगू? देव्हारा पुसायला म्हणून मी पाट उचलला. सगळे देव आडवे झाले, पण ती सुपारी जागची हलली नाही बघ."

"हलेल कशी?" मी म्हटलं. "मी बसकी निवडून दिली होती."